अंगठ्याच्या नखापासून मूत्रपिंडापर्यंत

नागपुरी संत्रे सोलताना अंगठ्याचे नख सालीत रुतवावे लागते. ज्यांच्या अंगठ्याला जन्मापासून नखच नाही, किंवा जे आहे ते अर्धवट आणि खळगे पडलेले आहे, ती माणसे दाताने साल सोडवतात आणि कोणी विचारलेच तर "आमच्या घराण्यातच अशी नखं आहेत" एवढे सांगून विषय संपवतात. हे उत्तर खरे असते, पण डॉक्टरांनी तेथे थांबू नये.

नेल-पॅटेला सिंड्रोम हा सुमारे ५०,००० जणांमागे एकाला आढळणारा आनुवंशिक विकार आहे. गर्भात हातापायांची पाठची बाजू कोणती आणि तळव्याची कोणती, हे ठरवण्यात एलएमएक्स१बी या जनुकाचा मोठा वाटा असतो. त्यात दोष आला की नखे नीट घडत नाहीत, गुडघ्याची वाटी लहान राहते किंवा तयारच होत नाही आणि कोपर पूर्ण सरळ होत नाही. नखांचा दोष अंगठ्याला सर्वाधिक असून करंगळीकडे तो कमी होत जातो, आणि नखाच्या मुळाशी असणारी पांढरी चंद्रकोर येथे त्रिकोणी दिसते. ही खूण ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. अनेकांच्या कमरेच्या हाडाला मागून शिंगांसारखे उंचवटेही असतात. ते दुखत नाहीत, एक्स-रेमध्ये मात्र स्पष्ट दिसतात.

हा विकार आणि रक्तगट घराण्यात बहुधा जोडीने उतरतात, हे रेनविक आणि लॉलर या संशोधकांनी १९५५ मध्ये दाखवले. दोन्हींची जनुके नवव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ आहेत.

खरी काळजी मूत्रपिंडाची आहे. तेथील गाळणीच्या पडद्यालाही एलएमएक्स१बी हेच जनुक लागते, त्यामुळे काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि थोड्यांचे मूत्रपिंड पुढे निकामी होते. अशा माणसाचा गुडघा वारंवार निसटतो व दुखतो, आणि तो मेडिकल दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेत राहतो. मूत्रपिंडाला अपायकारक ठरणाऱ्या या गोळ्या नागपूरच्या मे महिन्यात, शरीरातले पाणी आटलेले असताना घेणे तर अधिकच धोक्याचे असते. गुडघ्यासाठी आलेल्या रुग्णाचे हात पाहिले जावेत, हा आग्रह त्यासाठीच आहे.

आई किंवा वडिलांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. एकाच घरात कोणाला केवळ नखांचा दोष असतो, तर कोणाला मूत्रपिंडाचाही. म्हणून निदान झालेल्या प्रत्येकाची लघवी आणि रक्तदाब जन्मापासून दरवर्षी तपासावा लागतो, आणि काचबिंदूचा धोका असल्याने, मूल तपासणीला साथ देऊ लागले की डोळ्यांतील दाबही पाहावा लागतो.