काडतुसावरचा कर आणि पाणथळीतली बदकं

मंडळी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहायला गेलो त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली, सोमवारी मुलीला शाळेत सोडायला गेलो, तर शाळेला कुलूप. पटांगणात चिटपाखरू नाही. समोरच्या पेट्रोल पंपावर मात्र जत्रा भरलेली. डोक्यापासून कमरेपर्यंत भडक नारिंगी कपडे घातलेली माणसं कॉफीचे पेले हातात धरून उभी. चौकशी केली तेव्हा कळलं, आज हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. आपल्याकडे बैलपोळ्याला घरचं कुणी कामाला जात नाही, तसंच हे. त्या राज्यातल्या कितीतरी गावांत या सोमवारी शाळा बंदच असायच्या. २०१९ साली त्यांनी हंगामाची सुरुवात दोन दिवस अलीकडे, शनिवारी आणली, तर त्यावरूनही जुनी मंडळी नाराज झाली.

मी पक्षी बघणारा माणूस. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, त्या वातावरणात वाढलेला. त्यामुळे शिकारी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी. आता गंमत अशी, की दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून मी ज्या रानात हिंडायचो, त्याच्या तोंडाशी एक पाटी होती. ती कधी नीट वाचलीच नव्हती. ते रान शिकार खात्याचं होतं. त्या राज्यात अशी जवळजवळ १५ लाख एकर जमीन आहे, त्यातला पहिला तुकडा १९२० साली विकत घेतलेला. पैसा कुणाचा? बराचसा शिकारीच्या परवान्यांचा, आणि पुढे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा. म्हणजे कपाळाला आठी घालून मी त्यांच्या पंगतीत वर्षानुवर्षं फुकट जेवत होतो. आजचं बोलणं त्या पंगतीच्या खर्चाविषयी आहे.

थोडं मागे जाऊ. १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची एक कबुतरी मेली. प्रवासी कबुतरांच्या जातीतली ती शेवटची. ज्या पक्ष्यांच्या थव्यांनी एके काळी आभाळ झाकोळायचं, त्यांची ही अखेर. बाजारात विकण्यासाठी केलेली बेसुमार शिकार आणि साफ केलेली जंगलं, दोन्हींनी मिळून हे केलं. पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरात पाचेक लाख उरली होती, असा अंदाज आहे. रानटर्की तर कित्येक राज्यांतून नाहीशीच झालेली. त्यात १९३० च्या दशकात दुष्काळ आला, मधल्या राज्यांतली माती धुळीची वादळं होऊन उडाली, आणि बदकांची तळी आटली.

ओरड करणाऱ्यांत एक व्यंगचित्रकार पुढे होता, डिंग डार्लिंग. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टवर व्यंगचित्रांतून टीका करणारा माणूस. रूझवेल्टनं त्यालाच उचलून वन्यजीवांच्या सरकारी खात्याचा प्रमुख केला. १९३४ मध्ये त्यानं स्वतःच्या हातानं पहिल्या 'डक स्टॅम्प'चं चित्र काढलं. बदकं मारायची तर डॉलरभर किमतीचं हे तिकीट घ्यायचं, आणि तो पैसा पाणथळ जमिनींसाठी. या तिकिटाकडे शेवटी पुन्हा येईन.

आता मुख्य कायदा. २ सप्टेंबर १९३७ ला रूझवेल्टनं त्यावर सही केली. नेवाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांच्या नावानं तो ओळखला जातो. पिटमन-रॉबर्टसन. रानात काम करणारी माणसं नुसतं 'पी-आर' म्हणतात. लक्षात घ्या, मंदीचा काळ. नवा कर कुणाला मागणार? त्यांनी नवा मागितलाच नाही. बंदुका-काडतुसांवर कर आधीपासूनच होता, तो सरकारी तिजोरीत जाऊन विरघळत होता. त्यांनी त्याला फक्त पाट काढून दिला.

हा पाट कसा वाहतो ते सांगतो, कारण खरी अक्कल तिथे आहे. आज लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के कर आहे. गिऱ्हाइकाच्या पावतीवर तो दिसत नाही, कारखानदार आणि आयातदार भरतात. पैसा केंद्राच्या वन्यजीव खात्याकडे जातो, तिथून राज्यांना वाटला जातो. वाटणी अशी की निम्मा पैसा राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. कुठल्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी नाही. म्हणून अलास्का आणि टेक्सास वरच्या मर्यादेला टेकतात आणि चिमुकलं ऱ्होड आयलंडही उपाशी राहत नाही. शिवाय पैसा आगाऊ मिळत नाही. आधी राज्यानं काम करायचं, मग बिल लावायचं. मंजूर कामाचा पाऊण हिस्सा केंद्र देतं, पाव हिस्सा राज्याचा.

पण मला या कायद्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते एक छोटंसं कलम. रॉबर्टसन आधी व्हर्जिनियाच्या शिकार आयोगाचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांना घरातल्या चोरवाटा माहीत होत्या. राज्य सरकारं शिकारीच्या परवान्यांचे पैसे गोळा करायची आणि त्यातून रस्ते बांधायची, पगार भागवायची, दुसरीकडची भोकं बुजवायची. कलम म्हणतं, केंद्राचा पैसा हवा असेल तर आधी स्वतःच्या विधिमंडळात कायदा करा, की परवान्याचा पैसा शिकार-मत्स्य खात्याशिवाय दुसरीकडे वळवणार नाही. वळवलात, तर केंद्राचा पैसा बंद. म्हणजे केंद्रानं आपल्या एका पैशाच्या आमिषानं राज्याच्या दुसऱ्या पैशाला कुलूप लावून घेतलं. मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं. कुठल्या निधीतून कुठला खड्डा बुजवला जातो, हे फार पाहिलं आहे. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून दाद द्यावीशी वाटली होती.

या पैशातलं पहिलं काम युटात झालं. वेबर नदी ग्रेट सॉल्ट लेकला मिळते तिथे ऑग्डेन बे नावाची पाणथळ आहे. नदीचं पाणी शेतीकडे वळवल्यावर ती सुकत चालली होती. बांध घातले, चर खणले, गोडं पाणी पुन्हा पसरू दिलं. त्यात काही दैवी नाही, बांधबंदिस्तीचं काम. पण बदकं परत आली.

टर्कीची कथा जास्त गमतीची. आधी खात्यांनी कुक्कुटपालन करावं तशी रानटर्की पाळून सोडली. अंडी उबवणीयंत्रात, पिल्लं पिंजऱ्यात, दाणा माणसाच्या हातून. सोडली की महिन्या-दोन महिन्यांत कोल्ह्याच्या पोटात. कारण कोल्हा दिसला की काय करायचं हे आई शिकवते, यंत्र शिकवत नाही. वर्षानुवर्षं पैसा असा गेला. मग उमजलं, की जिथे थोडे अस्सल रानटी पक्षी उरलेत तिथले पकडून दुसरीकडे सोडायला हवेत. पण रानटर्की पकडणं म्हणजे भुताला चिमटीत धरणं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बदकांसाठी वापरलं जाणारं एक जाळं टर्कीसाठी वापरून पाहिलं. मका टाकायचा, माणसानं झुडपाआड दबा धरून बसायचं, थवा दाणे टिपायला लागला की बार उडवायचा आणि तोफेसारख्या नळ्यांतून जाळं पक्ष्यांच्या डोक्यावरून झेपावतं. पकडलेले पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ट्रकनं दुसऱ्या राज्यात. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत मिळून साठेक लाख रानटर्की आहेत. माझ्या अंगणात त्या सकाळी यायच्या आणि माझ्याच गाडीच्या आरशातल्या प्रतिबिंबाशी भांडायच्या.

शिकाऱ्यांचं शिक्षण या कायद्यात नंतर आलं. १९७० मध्ये पिस्तुलांवरचा कर यात जोडला, १९७२ मध्ये धनुष्यबाणांचा, आणि त्या उत्पन्नातला निम्मा हिस्सा शिक्षणासाठी आणि नेमबाजीच्या मैदानांसाठी वापरता येईल असं ठरलं. न्यूयॉर्क राज्यानं त्याआधीच, १९४९ साली, असं शिक्षण सक्तीचं केलं होतं. टेक्सासचा नियम मला फार आवडतो. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यानं प्रमाणपत्र घ्यायचं. म्हणजे आजोबांना सूट, नातवाला परीक्षा.

मुलगी बारा वर्षांची झाली आणि शेजाऱ्यांबरोबर शिकारीला जायचं म्हणाली. घरात महायुद्ध. शेवटी तडजोड अशी, की ती वर्गाला जाईल आणि मी शेजारी बसेन. वर्ग अग्निशमन दलाच्या गावातल्या शेडमध्ये. फी नाही. शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ, तेही बिनपगारी. पुढे हिशेबात शिरल्यावर कळलं, की त्यांच्यासारख्या स्वयंसेवकांच्या तासांची किंमत काढून ती राज्याच्या पाव हिश्श्यात धरता येते. म्हणजे आजोबांनी शनिवारी फुकट शिकवलं, त्या तासांवर सरकारनं केंद्राकडून पैसे आणले. याला म्हणतात काटकसर.

मला वाटलं होतं, नेम कसा धरायचा ते शिकवतील. दिवसातला बहुतेक वेळ 'केव्हा मारायचं नाही' यावरच गेला. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कुणाकडेही रोखू नका. मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर नको. सावजाच्या मागे काय आहे ते पाहा, कारण साधी पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा मैलाच्या पुढे जाऊ शकते. कुंपण ओलांडताना आधी बंदूक रिकामी. मचाणावर चढताना कमरेला-खांद्याला पट्टे बांधा, कारण गोळीपेक्षा मचाणावरून पडण्याची धास्ती कमी नाही. नारिंगी रंगाचंही कोडं तिथेच सुटलं. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी हवं. आणि टर्कीच्या हंगामात लाल, पांढरा, निळा घालायचा नाही, रुमालसुद्धा नाही. का? नर टर्कीचं डोकं त्याच तीन रंगांचं असतं. झुडपाआडून नाक पुसायला लाल रुमाल काढला, तर पलीकडचा माणूस तुम्हालाच टर्की समजेल. परीक्षेत मुलीला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, हे सांगायला हरकत नाही.

या शिक्षणाला तिथे किती धार आहे ते २०२३ मध्ये दिसलं. बंदूक-हिंसेवरच्या आदल्या वर्षीच्या एका कायद्याचा अर्थ लावून शिक्षण खात्यानं शाळांतल्या तिरंदाजी आणि शिकार-शिक्षणाला केंद्राचा पैसा नाकारला. तो पी-आरचा पैसा नव्हे, दुसरा खिसा. पण एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन्ही पक्षांनी तो निर्णय फिरवला. प्रतिनिधिगृहात मतं पडली ४२४ विरुद्ध १.

आता दुसरी बाजू. मी इथे शिकाऱ्यांचा वकील म्हणून उभा नाही. १९३७ मध्ये बंदूक घेणारा माणूस म्हणजे बहुधा शिकारी, हे गृहीत होतं. आज तिथे खपणाऱ्या बंदुकांपैकी पुष्कळशा स्वसंरक्षणासाठी किंवा नेमबाजीसाठी घेतल्या जातात. निवडणूक आली, साथ आली, दंगल झाली, लोक घाबरले की बंदुका खपतात, आणि दोन वर्षांनी कुठल्या तरी राज्यात पाणथळीचे बांध दुरुस्त होतात. अलीकडे या निधीनं एका वर्षात १०० कोटी डॉलरची रेषा ओलांडली आहे. रानाचं भाग्य माणसाच्या भीतीला बांधलेलं असणं मला खुपतं. २०२२ मध्ये एका प्रतिनिधीनं हा करच रद्द करा असं विधेयक आणलं. बारगळलं, पण आलं.

दुसरं असं, की ज्याचा पैसा त्याचं सावज. हरणं आज तीनेक कोटी झालीत. इतकी, की काही जंगलांत नवी रोपं वर येत नाहीत आणि रस्त्यावर गाड्यांना धडका बसतात. पण बेडूक, वटवाघूळ, मधमाशी, गाणारे छोटे पक्षी यांच्यासाठी कुणी परवाना काढत नाही. त्यांच्यासाठी वेगळा निधी उभारणारं विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. आम्ही पक्षीनिरीक्षक दुर्बिणीवर, पक्ष्यांच्या दाण्यावर असा कर देऊ का? अशी सूचना तिथे पूर्वी झाली होती, टिकली नाही. शिसं हा आणखी एक डाग. शिशाचे छर्रे तळ्याच्या गाळात पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी यायला १९९१ उजाडलं. म्हणजे कर काडतुसावर, पाणथळ त्या करातून, आणि विषही त्याच काडतुसातून.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, मग तुम्ही परवाना काढलात का? नाही. मुलगीसुद्धा दोन हंगामांनंतर कंटाळली, पहाटे चारला उठवत नाही म्हणाली. मी मात्र परत येईपर्यंत दरवर्षी पोस्टात जाऊन डक स्टॅम्प घ्यायचो. आता तो २५ डॉलरचा आहे. शिकाऱ्याला त्यावर शाईनं आडवी सही करावी लागते, त्याशिवाय तो चालत नाही. माझ्याकडचे सगळे कोरे आहेत. आज सोबत आणलेत, बाहेरच्या टेबलावर ठेवतो. बघा, पण हात कोरडे असू द्या.