सांगोला: चार एसटी गाड्यांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

निवडणुकीचा निकाल लागला की कोण आलं एवढंच आपण विचारतो. कितीनं आलं, हे ऐकतो आणि आठवड्यात विसरून जातो. आज मात्र मी तुम्हाला 'कितीनं' हेच सांगणार आहे. मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातला, सांगोला. आकडे थोडेच आहेत, पण जमलं तर लक्षात ठेवा. शेवटी लागतील.

सांगोला म्हटलं की जुन्या मंडळींना आठवतात गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार, आणि अकराही वेळा सांगोल्यातूनच. तरुणांना आठवतं ते 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या तोंडून निघालेलं हे वाक्य दोन दिवसांत महाराष्ट्रभर झालं. एक आबा, एक बापू. तालुक्यात दोघांना याच नावांनी ओळखतात. या मतदारसंघाची गेल्या तीस-पस्तीस वर्षांची हकिकत म्हणजे या दोघांनी एकमेकांना लावलेली टक्कर.

पण सुरुवात त्याच्याही आधीची. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६२ मध्ये नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. जागा २६४, त्यांतल्या २१५ काँग्रेसच्या. शेतकरी कामगार पक्षाला, म्हणजे आपल्या शेकापला, मिळाल्या १५. त्या पंधरांत सांगोल्याचे गणपतराव होते. वकिली करणारा, पस्तिशीचा माणूस. शेकापचं तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या संस्थापकांनीच पुन्हा काँग्रेसची वाट धरली होती. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात एकेक मोहरा तिकडे जात राहिला. गणपतराव गेले नाहीत. १९६७ ला ते पुन्हा निवडून आले, आणि शेकापच्या जागा १९ झाल्या.

मग आलं १९७२. बांगलादेशचं युद्ध नुकतंच जिंकलेलं, इंदिरा गांधींची लाट. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला आणि शेकाप सातवर. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, गणपतराव पडले. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पोटनिवडणूक लागली आणि सांगोल्यानं त्यांना परत विधानसभेत पाठवलं. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०. आणीबाणी येऊन गेली, शरद पवारांच्या पुलोद आघाडीचं सरकार आलं आणि बरखास्त झालं, मुख्यमंत्री किती बदलले ते मोजायला बोटं पुरायची नाहीत. सांगोल्याचा आमदार तोच. या काळाला मी भराभर मागे टाकतो, कारण निकालाच्या दृष्टीनं त्यात रंगत नाही. रंगत आहे ती निवडून येण्याच्या कारणांत.

हा माणदेश. माण नदी बहुतेक वर्षभर वाळूचीच. तिला मिळणाऱ्या एका नदीचं नावच कोरडा, यावरून काय ते समजा. अशा तालुक्यात आमदाराची परीक्षा एकाच विषयात होते. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली. कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा किती, हा तिचा प्रश्न. आणि गणपतराव त्या परिषदेचा एक खांब होते. टेंभू, म्हैसाळ ही नावं आज पाणी उपसून आणणाऱ्या सिंचन योजनांची वाटतात. त्या काळी ती घोषणांची होती. सभागृहात उठून तोच प्रश्न, त्याच शांत आवाजात, वर्षानुवर्षं विचारत राहणं हे कंटाळवाणं काम आहे श्रोतेहो. त्याच्या बातम्या होत नाहीत. गावात मात्र ते लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापसाचं नाव नाही तिथं सहकारी सूतगिरणी उभी करायची म्हणजे लोक हसणारच. ती उभी राहिली आणि चालली. महाराष्ट्रात सहकारी गिरण्यांची काय गत झाली ते तुम्ही जाणता, म्हणून 'चालली' हा शब्द मी जरा जोर देऊन म्हणतोय. आणि तिसरी गोष्ट, आबांचा एसटीचा प्रवास. आमदार असूनही एसटीनं हिंडणारा माणूस म्हणून त्यांचे किस्से एवढे झाले की खरे कुठले आणि रचलेले कुठले, हे आता निवडणं कठीण. मला त्या साधेपणाच्या कौतुकाचा थोडा कंटाळाही येतो, खरं सांगायचं तर. साधं राहून पन्नास वर्षं निवडून येता आलं असतं तर निम्मे मास्तर आमदार झाले असते. एसटीतून हिंडणाऱ्या आमदाराला स्टँडवर कुणीही गाठून दोन शब्द सुनावू शकतं. खरं महत्त्व त्याचं.

आता या कौतुकाला टाचणी लावतो. १९९५.

राज्यात त्या वर्षी काँग्रेसची सत्ता गेली. शिवसेना ७३, भाजप ६५, अपक्ष तब्बल ४५. सगळीकडे काँग्रेस पडत असताना सांगोल्यात उलटं झालं. इथं काँग्रेस जिंकली. चिकमहूदचे शहाजीबापू पाटील काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि गणपतराव पडले. कितीनं? १९२ मतांनी. हा पहिला आकडा. १९२ माणसं म्हणजे किती? चार एसटी गाड्यांत बसून जातील. थोडं दाटीवाटीनं उभं राहायची तयारी असेल तर तीनच गाड्या पुरे. एसटीनं फिरणारे आबा पडले ते चार एसटी गाड्यांनी.

या निकालाची कारणं सांगताना लोक जातीचं गणित मांडतात. आबा धनगर समाजाचे, तालुक्यात हा समाज मोठा, समोर मराठा उमेदवार, वगैरे. गणित खोटं नाही, पण ते अपुरं आहे. तालुका काही पाच वर्षांत बदलला नव्हता. १९९० ला जी माणसं होती बहुतेक तीच १९९५ ला होती, आणि निकाल दोन टोकांचे. माझ्या मते इतक्या कमी फरकाच्या निकालाला एक मोठं कारण शोधूच नये. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला वाटलं आबा तर येणारच, माझ्या एका मतानं काय होतंय. असं वाटणारी दोनशे माणसं कुठल्याही तालुक्यात एका सकाळी सापडतील.

आबा घरी बसले नाहीत. १९९९ ला बापूंचा पराभव करून परत आले. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. तालुक्यात काँग्रेसशी दोन हात आणि मुंबईत काँग्रेसच्याच मुख्यमंत्र्यासोबत मंत्रिमंडळात. शेकापच्या कार्यकर्त्याला यात काही वावगं वाटलं नसावं, पण काँग्रेसच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याचं काय झालं असेल, याचा विचार करा. तो पुढे दुसरं घर शोधतो. बापूंनीही शोधलं. २०१४ ला ते शिवसेनेचे उमेदवार होते. त्यांनी पक्ष बदलले, पण समोरचा गडी बदलला नाही.

२००४ आणि २००९ ला आबाच. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ सांगोल्याला जोडलं गेलं, त्यानंही फरक पडला नाही. आणि २०१४. देशभर मोदींची हवा, राज्यात चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. गणपतरावांचं वय ८८. त्यांना मिळाली ९४,३७४ मतं, शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४. हा दुसरा आकडा.

इथं एक दुरुस्ती करू द्या. 'एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम' असं आबांबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. आबांचे अकरा. थोरवी सांगायला अकरा पुरेसे आहेत, त्यावर खोटा मुलामा कशाला? आणि दुसरंही बघा. एकूण तेरा लढती, त्यांतल्या दोनदा मतदारांनी त्यांना घरी बसवलं. बालेकिल्ला म्हणतो आपण. या बालेकिल्ल्याच्या दाराला आतून कडी कधीच नव्हती.

२०१९ ला वय ९३, आबांनी स्वतः उभं राहायचं नाही असं ठरवलं. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. आयुष्यभर वर्गसंघर्षाची भाषा बोललेल्या पक्षाला उमेदवार शेवटी घरातच सापडावा, हे मला पटलेलं नाही. तालुक्यातल्या पुष्कळांना ते पटलं, हेही तितकंच खरं, कारण निकाल पाहा. शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. बापू जिंकले, ७६८ मतांनी. तिसरा आकडा. चोवीस वर्षं वाट पाहून बापूंनी जिंकलेली ही दुसरी निवडणूक. त्यांच्या दोन्ही विजयांतला मतांचा फरक एकत्र केला तर बेरीज होते ९६०. हजारसुद्धा नाही.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात गणपतराव गेले. वर्षभरात शिवसेना फुटली, बापू एकनाथ शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले आणि त्या झाडी-डोंगारानं त्यांना अशी प्रसिद्धी दिली जी कुठल्याही विधानसभेच्या भाषणानं मिळत नाही. दरम्यान माणदेशही पूर्वीचा राहिला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. सांगोल्याचं डाळिंब आता पार बंगालपर्यंत विकलं जातं. पाण्याचा प्रश्न मिटला नाही, पण तो विचारणारा शेतकरी बदलला. चारा छावणीची वाट पाहणारा वेगळा आणि बाजारभाव मोबाइलवर बघणारा वेगळा.

२०२४ ला लढत तिरंगी झाली. बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, दीपकआबा साळुंखे मशाल चिन्हावर उद्धव ठाकरेंच्या पक्षाकडून. २०१९ ला हेच दीपकआबा बापूंच्या मागे उभे होते. आणि शेकापकडून पुन्हा नातू, पण दुसरे, डॉ. बाबासाहेब देशमुख. महाविकास आघाडीत शेकाप आणि ठाकरे गट मित्र, सांगोल्यात मात्र समोरासमोर. राज्यात भाजप १३२, शिंदेसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे महायुतीनं धुऊन काढलं. सांगोल्यात महायुतीचा विद्यमान, घराघरांत ठाऊक असलेला आमदार पडला. मत फुटल्याचा फायदा झाला, असं बापूंचे लोक म्हणतात. तिसरा उमेदवार नसता तर त्याची मतं कुणीकडे वळली असती, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बाबासाहेबांना मतं पडली १,१६,२५६, बापूंना ९०,८७०. १९६७ ला १९ आमदार असलेल्या शेकापचा २८८ च्या सभागृहात आज हा एकच आमदार आहे.

आता तो दुसरा आकडा आठवा. आबांची शेवटची निवडणूक, बापूंच्या विरोधात, फरक २५,२२४. नातवाची पहिली, त्याच बापूंच्या विरोधात, फरक २५,३८६. आजोबांपेक्षा १६२ मतं जास्त. चार एसटी गाड्यांनाही जरा कमीच.

नमस्कार.