वरचं मत, खालचं मत

(दृश्य: पहाटेचा अंधार. स्वयंपाकघरात एकच दिवा. टेबलावर थरथरणारा फोन, शेजारी पांढरं लांबट पाकीट.)

८ नोव्हेंबर २०१६. भारतात रात्रीचे आठ वाजून गेलेत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे सातही वाजलेले नाहीत. सिॲटलजवळच्या रेडमंड गावात माझ्या मैत्रिणीचा फोन वाजतोय. डोंबिवलीहून आई बोलतेय. पाचशे-हजारच्या नोटा आज मध्यरात्रीपासून बंद. डाळीच्या डब्याखाली ठेवलेल्या पैशांचं आता काय करायचं?

मैत्रीण आईला धीर देते, फोन ठेवते आणि पुन्हा समोरच्या पाकिटाकडे बघत बसते. त्यात तिची मतपत्रिका आहे. गेले दोन आठवडे हे पाकीट टेबलावरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून टेबलावर फिरतंय. ती त्याच वर्षी अमेरिकेची नागरिक झाली होती. हे तिचं इथलं पहिलं मत, आणि ते द्यायला हात होत नव्हता.

(दृश्य: मतपत्रिका, अगदी जवळून.)

वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते. नावापुढची जागा पेनाने काळी करायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची, आणि निवडणुकीच्या दिवशी रात्री आठच्या आत मतपेटीत टाकायची. रांग नाही, बोटाला शाई नाही. पण म्हणूनच मन बनवायला वेळ फार मिळतो, आणि मन बनत नसेल तर तोच वेळ खायला उठतो.

तिच्या मतपत्रिकेवर बरेच प्रश्न होते. तिला अडवलं होतं दोनच प्रश्नांनी. एक साऱ्या जगाला माहीत होता: हिलरी क्लिंटन की डोनाल्ड ट्रम्प? दुसरा त्याच्या खाली कुठेतरी होता: साउंड ट्रान्झिट (म्हणजे त्या पट्ट्यातली सार्वजनिक रेल्वे आणि बस चालवणारी संस्था), प्रस्ताव क्रमांक १. लोक त्याला ‘एसटी-थ्री’ म्हणायचे. मराठी कानाला एसटी म्हटलं की आपला लाल डबाच आठवतो, आणि तसं बघितलं तर मामला तोच होता. गावं जोडायची होती.

आधी वरचा प्रश्न. त्या वर्षी अमेरिकेत दोन्ही मोठे उमेदवार नकोसे वाटणारे मतदार इतके होते, की गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या नोंदींमध्ये एवढी नावडती जोडी आधी झाली नव्हती. वॉशिंग्टनमध्ये तर मार्चमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार ठरवायच्या सभांत क्लिंटन यांचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना सत्तर टक्क्यांहून जास्त कौल मिळाला होता. ते शर्यतीतून गेल्यावर त्यांच्या मागची माणसं उदास झाली. काही नाक मुठीत धरून क्लिंटनकडे वळली, काही तिसऱ्या पक्षाकडे गेली. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत तेव्हा सिॲटलच्या नगरपरिषदेवर होत्या. त्यांनी उघडपणे ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना पाठिंबा दिला.

शिवाय प्रत्येकाला ठाऊक होतं, की हे राज्य क्लिंटन यांच्याच पदरात पडणार. तिथे अध्यक्ष थेट निवडला जात नाही. बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी. वॉशिंग्टनचे बारा. मैत्रीण म्हणाली, “वरचं मत कुणालाही दिलं तरी काही फरक पडणार नाही. खालचं मात्र खरंच मोजलं जाईल. आणि नेमकं तेच मला कळत नाहीये.”

(दृश्य: सकाळची गर्दी. हमरस्त्यावर खोळंबलेल्या गाड्या. रेडमंडहून सिॲटलला जाणाऱ्या ५४५ नंबरच्या बसमध्ये उभी माणसं.)

खालचा प्रश्न असा होता. किंग, पिअर्स आणि स्नोहोमिश या तीन काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) शहरी पट्ट्यात ६२ मैल नवी लाइट रेल, म्हणजे मेट्रोसारखी हलकी शहरी रेल्वे. उत्तरेला एव्हरेट, दक्षिणेला टकोमा, सिॲटलमध्ये बॅलर्ड आणि वेस्ट सिॲटल, पूर्वेला रेडमंडच्या मध्यवस्तीपर्यंत. काम पंचवीस वर्षांचं. खर्च सुमारे ५४ अब्ज डॉलर. त्यासाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ, घरावर नवा कर, आणि गाडीच्या वार्षिक नोंदणीवरचा कर किमतीच्या ०.३ टक्क्यावरून १.१ टक्क्यावर.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी आपल्याला विचारत नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पुणे मेट्रोचं भूमिपूजन झालं. मेट्रो हवी का, आणि हवी असेल तर तुमच्या खिशातून एवढे पैसे द्याल का, असं लिहिलेली मतपत्रिका एकाही पुणेकराच्या घरी आली नव्हती. सिॲटलकरांना ती आली. हा मोठा अधिकार आहे, आणि त्याचं ओझंही तेवढंच आहे.

माझी मैत्रीण डोंबिवलीची. फास्ट लोकलच्या दारात उभं राहून ती कॉलेजला गेली. रेल्वे म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ती अडली. तिची मुलगी चौथीत. रेडमंडची गाडी येणार २०२४ मध्ये, म्हणजे मुलगी शाळा संपवत असताना. टकोमाची २०३० मध्ये, बॅलर्डची २०३५, एव्हरेटची २०३६. कर मात्र लगेच. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा पगारावर राज्याचा आयकर नव्हता, त्यामुळे विक्रीकराचा भार गरिबाच्या खिशावर जास्त पडायचा. हे तिला टोचत होतं. सिॲटल टाइम्सच्या संपादक मंडळानेही प्रस्ताव नाकारा असं लिहिलं होतं.

मी तिला ‘हो’ म्हण असं सांगत होतो. मला स्वतःला मत नव्हतं. व्हिसावर राहणारी आमच्यासारखी हजारो माणसं तिथे विक्रीकर भरतात, गाडीचा कर भरतात, त्याच बसमध्ये उभी राहतात, पण मतपत्रिका त्यांच्या घरी येत नाही. तिचं ते पाकीट मला हातात घेऊन बघावंसं वाटायचं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. १९६० च्या दशकातलं सिॲटल.)

आणि मला १९६८ ची गोष्ट माहीत होती. त्या वर्षी फेब्रुवारीत सिॲटलकरांना विचारलं गेलं होतं, वेगवान रेल्वे बांधायची का? जवळपास ५१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. पण अट साठ टक्क्यांची होती. प्रस्ताव पडला. १९७० मध्ये पुन्हा विचारलं. तोवर बोईंगमधल्या नोकऱ्या जात होत्या, शहर धास्तावलेलं होतं, ‘हो’ म्हणणारे निम्म्याहूनही कमी झाले. केंद्र सरकारने देऊ केलेला पैसा अटलांटाकडे गेला. अटलांटाची मेट्रो १९७९ मध्ये धावू लागली. सिॲटलची लाइट रेल सुरू व्हायला २००९ उजाडलं.

पुढचा इतिहास तर बोलकाच आहे. १९९५ मध्ये प्रस्ताव हरला, १९९६ मध्ये जिंकला. २००७ मध्ये हरला, २००८ मध्ये जिंकला. १९९६ आणि २००८ ही दोन्ही अध्यक्षीय निवडणुकीची वर्षं. अशा वर्षी एरवी घरी बसणारे मतदार बाहेर पडतात: तरुण, भाडेकरू, बसने फिरणारे. मला यातून एवढंच कळत होतं, की ज्या वरच्या प्रश्नाने माणसं वैतागली होती, तोच त्यांना खालच्या प्रश्नापर्यंत घेऊन येणार होता. वैतागून पाकीट फ्रिजवरच राहू दिलं असतं, तर दोन्ही गेली असती.

(दृश्य: संध्याकाळ. रस्त्याकडेची मतपेटी. गाड्यांची छोटी रांग.)

रात्री साडेसातला तिने पेन उचललं. वर क्लिंटन यांच्या नावापुढची जागा भरली, झटकन, तोंड वाकडं करून. खाली बराच वेळ पेन धरून बसली. मग ‘मंजूर’ काळं केलं. पाकिटावर सही केली. तिची सही मराठीत आहे. ती नोंदणीतल्या सहीशी जुळवून बघतात, म्हणून तिने प्रत्येक काना-मात्रा जपून काढली. पेटीपाशी पोचलो तेव्हा आठला दहा मिनिटं होती.

क्लिंटन यांनी राज्य सहज जिंकलं आणि देश गमावला. १९ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या बारा निर्वाचकांपैकी चौघांनी क्लिंटन यांना मत दिलंच नाही. तिघांनी कॉलिन पॉवेल यांचं नाव लिहिलं, एकाने आदिवासी नेत्या फेथ स्पॉटेड ईगल यांचं. त्यांना प्रत्येकी हजार डॉलर दंड झाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मनातली घालमेल अशी थेट वरपर्यंत पोचली होती.

एसटी-थ्री सुमारे ५४ टक्क्यांनी मंजूर झाला. किंग काउंटीने भरभरून दिलं, स्नोहोमिशने काठावर. टकोमाच्या पिअर्स काउंटीने नाकारला, तरी कर तिलाही लागू झाला. पुढच्या वसंतात गाडीच्या नोंदणीची नवी बिलं आली आणि लोक भडकले, कारण कराचं कोष्टक गाडीची किंमत बाजारभावापेक्षा जास्त धरत होतं. २०१९ मध्ये राज्यातल्या मतदारांनी हे कर कापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. दरम्यान खर्च वाढला, तारखा सरकल्या. टकोमा २०३५ वर, बॅलर्ड २०३९ वर. पिअर्समधल्या माणसांचा राग मला अजिबात चुकीचा वाटत नाही. त्यांनी दिलं आधी, आणि त्यांची पाळी लांबतच गेली.

(दृश्य: १० मे २०२५. रेडमंडचं नवं स्थानक. फुगे, गर्दी, कडेवर मुलं.)

रेडमंडच्या मध्यवस्तीतलं स्थानक सुरू झालं. २०१६ च्या मताने मिळालेला लाइट रेलचा पहिला तुकडा. चौथीतली मुलगी अठरा वर्षांची झालीय. आईच्या पुढे धावत जाऊन तिने खिडकी पकडली. मैत्रीण मात्र सवयीने दाराशीच उभी राहिली, दांडा धरून.

गाडी त्या दिवशी साउथ बेलव्ह्यूपर्यंतच जात होती. पुढे तळं, तळ्यावर तरंगता पूल, त्यावर रुळांचं काम तेव्हा चालू होतं. सिॲटलला जायला सोमवारी पुन्हा ५४५ च.