‘हा माझा भास तर नाही ना?’

व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच माझ्या हातात एक चिठ्ठी आली. खाली नाव नाही. लिहिलंय, ‘बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. लोक उभे राहतात, पण बसत नाहीत. याला वर्णद्वेष म्हणायचं, की हा माझा भास आहे?’

मी टिपणं काढून आणली आहेत, पण ती आता बाजूला ठेवतो. ज्याला हे सोसावं लागतं तो बहुतेक वेळा याच प्रश्नात अडकलेला मी पाहिलाय. शिवी दिली, अंगावर हात टाकला तर निदान शंका उरत नाही. पण रिकामी जागा, बोलता बोलता थांबलेली माणसं, ‘तुम्ही मूळचे कुठले हो?’ हे तिसऱ्यांदा विचारणं, यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला दुसरं काहीतरी कारण देता येतं. मग ते कारण शोधण्याचं काम आपणच अंगावर घेतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडतो. माझं बोलणं चुकलं का? माझे कपडे? त्या जागरणाची नोंद कुठे होत नाही, पण झोप जाते, रक्तदाब वाढतो, कामावरून मन उडतं.

आधी वंश म्हणजे काय ते पाहू. कुठल्याही दोन माणसांचा जनुकीय आराखडा घ्या, तो सुमारे 99.9 टक्के सारखाच निघतो. रिचर्ड लेवोंटिन या शास्त्रज्ञानं 1972 मध्ये दाखवून दिलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी साधारण 85 टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतो. कातडीचा रंग हा मुख्यतः मेलॅनिन या कातडीतल्या रंगद्रव्याचा आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेल्या उन्हाचा हिशेब आहे. त्यावरून कुणाची बुद्धी किंवा नियत कळत नाही.

मग माणसांचे वंश पाडले कुणी? माणसांनीच. दक्षिण आफ्रिकेत 1950 साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा आला आणि प्रत्येकाच्या नावापुढे वंश लिहिला जाऊ लागला. जिथे ठरवणं अवघड जाई, तिथे केसांत पेन्सिल खोचून पाहत. सरकन खाली पडली तर माणूस गोरा ठरू शकत असे, अडकली तर नाही. राहायचं कुठे, शिकायचं कुठे, लग्न कुणाशी करायचं हे त्यावरून ठरायचं. तो कायदा 1991 पर्यंत टिकला. म्हणून ‘वंश असं काही नसतंच, सोडून द्या’ असं दुखावलेल्या माणसाला कृपा करून सांगू नका. वंश बनावट आहे, पण त्याच्या नावानं बसलेला मार खराच असतो.

आता चिठ्ठीकडे येतो. 22 एप्रिल 1993 रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा बसथांब्यापाशी खून झाला. तपासात ढिलाई झाली. आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही, चौकशी समिती नेमावी लागली आणि 1999 मध्ये तिचा अहवाल आला. पोलिसदलात संस्थात्मक वर्णद्वेष, म्हणजे एकट्यादुकट्याचा नव्हे तर सगळ्या यंत्रणेच्या वागण्यात मुरलेला वर्णद्वेष आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नकळत बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान, बेफिकिरी हेही त्यात धरलं आहे. म्हणजे ‘त्यांच्या मनात तसं नव्हतं’ एवढ्यावर विषय संपत नाही. त्याच अहवालात मला फार मोलाचं वाटणारं आणखी एक वाक्य आहे: सोसणाऱ्याला किंवा दुसऱ्या कुणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, ती वर्णद्वेषी घटना म्हणूनच नोंदवायची. खरंखोटं तपासात ठरेल, पण नोंद आधी व्हायला हवी.

एकट्या माणसाला सगळं कळणं शक्यही नसतं. 2004 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, नावं तेवढी वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. यातला एकच अर्ज तुमचा असता, तर नकार नावामुळे आला हे तुम्हाला कधीच कळलं नसतं.

म्हणून, ताई असाल किंवा दादा, आज घरी गेल्यावर एक वही काढा. तारीख, वेळ, ठिकाण, कानावर पडले ते शब्द जसेच्या तसे, आणि जवळ कोण होतं तेही लिहा. मोबाईलवरचे संदेश पुसू नका. पुढे तक्रार करायची झाली तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. केलीच पाहिजे असं मात्र नाही. कधी कधी तिथून सुखरूप निघून येणं हेच शहाणपण असतं, त्यात भित्रेपणा काही नाही. वहीचा आणखी एक उपयोग आहे. एकदा कागदावर उतरलं, की मनाला रात्रभर पहारा द्यावा लागत नाही.

आणि हे एका माणसाला तरी सांगा. माणूस नीट निवडा. ‘अरे, मनावर घेऊ नकोस’ म्हणणारा नको, ‘मग काय झालं?’ असं विचारून गप्प बसणारा हवा. ज्यांनी हेच सोसलंय त्यांच्यात बसल्यावर तर पहिल्यापासून समजावून सांगण्याचे कष्टच वाचतात. झोप लागेनाशी झाली, बाहेर पडावंसं वाटेना, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा आणि कारण न लपवता सांगा. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच क्षणी कुणाला तरी गाठा, सकाळची वाट पाहू नका.

बाकीच्यांनाही विनंती आहे. तुमच्यासमोर असं काही घडलं तर शिवीगाळ करणाऱ्याशी भांडलंच पाहिजे असं नाही. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्याजवळ जा, त्याच्याशी बोला. ‘मी पाहिलंय, लागलं तर साक्ष देईन’ एवढं म्हणा आणि आपला नंबर द्या. बसमध्ये ती जागा रिकामी दिसली तर जाऊन बसा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. उठून बोलायचं नसेल तर चिठ्ठी पाठवा, नाव लिहायची गरज नाही.