बिनसणांचे महिने

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती मंडळीच्या वर्षाविषयी बोलायचे म्हटले की नाताळ आणि ईस्टर ही दोन नावे आपोआप पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. या दोन दिवशी उपासनागृह भरून जाते, एरवी न दिसणारे चेहरे दिसतात, गायकवृंदाने महिनाभर केलेल्या सरावाचे चीज होते. मला आज मात्र वर्षाच्या दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे. ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतर, म्हणजे पेंटेकॉस्टनंतर, थेट आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांपर्यंत, जे महिने येतात, त्यांत नाताळ-ईस्टरच्या तोडीचा एकही सण नसतो. जवळजवळ अर्धे वर्ष असे जाते. माझी अशी ठाम समजूत आहे की मंडळीची सेवा कितपत खरी आहे, हे या बिनसणांच्या महिन्यांतच कळते.

उपासनेचे वर्ष पाळणाऱ्या पाश्चात्त्य परंपरेच्या मंडळ्यांत या वर्षाची सुरुवात आगमनकाळाने होते. ३० नोव्हेंबरला जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो. २५ डिसेंबरला प्रभूचा जन्मोत्सव, आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. ईस्टरची तारीख मात्र दरवर्षी बदलते, कारण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेशी तिची सांगड घातलेली आहे. ती २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. पौर्वात्य मंडळ्यांची गणना वेगळी असल्यामुळे दोघांचे ईस्टर पुष्कळदा निरनिराळ्या रविवारी येतात, पण २०२५ साली ते एकाच दिवशी, २० एप्रिलला आले होते. असे पंचांग न पाळणाऱ्या मंडळ्याही बऱ्याच आहेत. तेथेही सणांचे दाटीचे दिवस आणि त्यांच्यामधला मोकळा काळ हा भेद असतोच, त्यामुळे मी पुढे जे म्हणणार आहे ते त्यांनाही लागू पडेल असे मला वाटते.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा धरला जातो. प्रत्यक्षात मधले दिवस शेहेचाळीस असतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी उपवास धरत नाहीत, आणि सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. पुष्कळ ठिकाणी कपाळाला लावायची राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात तर पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, श्वास घ्यायला फुरसत नसते. झावळ्यांचा रविवार, गुरुवारचे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आणि पाय धुण्याचा विधी, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळेतली वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना, आणि मग पुनरुत्थानाची पहाट. सात उद्गारांची ही तीन तासांची उपासना आज इतकी रुळलेली आहे की ती पहिल्या शतकापासून चालत आली असावी असे वाटते. तिचे मूळ मात्र पेरूमधल्या लिमा शहरात, १६८७ सालच्या भूकंपानंतर तेथील जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सुरू केलेल्या प्रार्थनेत आहे. हादरलेल्या माणसांना एकत्र बसवण्यासाठी जी उपासना निघाली, ती पुढे पंथांच्या सीमा ओलांडून जगभर गेली, याचे मला फार अप्रूप वाटते.

ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस पवित्र आत्म्याच्या आगमनाचा, आणि त्यापुढचा रविवार त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाचा. तेथून पुढे आगमनकाळापर्यंत बावीस ते सत्तावीस रविवार येतात. ईस्टर लवकर आला तर ते जास्त, उशिरा आला तर कमी. पुष्कळ मंडळ्यांच्या वाचनपाठांत या काळात एकच शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकीकत सांगणारे पुस्तक, क्रमाने पुढे वाचत नेतात. तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे उतारे अधूनमधून, सणांच्या दिवसांत. त्यामुळे या रविवारी प्रभू येशू लोकांना बरे करताना, गोष्टी सांगताना, जेवायला बसताना आणि वाटेने चालताना भेटतो. सणांच्या उपासनेत त्याचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान समोर असते. त्याचे रोजचे वागणे आपल्याला या लांबलचक रविवारांतच ऐकायला मिळते. उपस्थिती रोडावलेली असते, उपदेशक थकलेला असतो, आणि तरी वाचन चालू राहते.

आणि याच महिन्यांत मंडळीचे सगळ्यात मोलाचे काम चालते, जे उपासनागृहात बसलेल्यांना दिसत नाही. आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन देणे, हे त्यांपैकी एक. पाळक आणि सभेचा एखादा वडील, म्हणजे मंडळीचा जबाबदार ज्येष्ठ, दुपारी एका घरी जातात. त्यांच्याजवळ एक छोटी पेटी असते. तिच्यात बोटभर उंचीचे तीन-चार पेले, द्राक्षरसाची लहानशी बाटली, भाकरीची डबी आणि घडी घातलेले पांढरे कापड एवढेच सामान. खाटेशेजारच्या मेजावरच्या औषधाच्या बाटल्या बाजूला सरकवून त्यावर ते कापड अंथरले जाते. खाटेवरच्या बाईंची स्मृती गेलेली आहे. पोटच्या मुलाला त्या ओळखत नाहीत. पाळक खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसतो, नावाने हाक मारतो, चार-पाच ओळींपेक्षा जास्त वाचत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू होते, आणि रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी बाईंचे ओठ हलू लागतात, शेवटच्या ‘आमेन’पर्यंत बरोबर चालत राहतात. लहानपणी पाठ केलेले शब्द सगळ्यात शेवटी जातात, हे अशा खाटेपाशी बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

अशा भेटीत आणखी एक माणूस हजर असतो, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे शुश्रूषा करणारा मुलगा, सून किंवा नवरा. आजारी माणसाचे नाव प्रार्थनेच्या यादीत असते; त्याच्यापायी कित्येक महिने रविवारी उपासनेला येऊ न शकलेल्या माणसाचे नाव कोणत्याच यादीत नसते. पेटी बंद करून उठण्याआधी त्याला ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारणे, आणि पुढच्या रविवारी दोन तास त्याच्या जागी बसायला मंडळीतल्या कोणालातरी पाठवणे, ही सेवा उपदेशाइतकीच महत्त्वाची आहे असे मी मानतो.

हे काम कोणी आधुनिक काळात शोधून काढलेले नाही. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या हुतात्मा जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिताना रविवारच्या सभेचे जे वर्णन केले आहे, त्यात वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस हे सगळे आहे. आणि त्यापुढे त्याने असेही नमूद केले आहे की जे गैरहजर असतील त्यांच्याकडे सेवक, म्हणजे मंडळीच्या मदतकार्यासाठी नेमलेले डीकन, तो वाटा पोहोचवतात, आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाते. गैरहजर असलेल्यांचा वाटा हा उपासनेचाच भाग होता, नंतर आठवण झाली तर करायचे काम नव्हते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २५१च्या सुमारास, रोमचा बिशप कर्नेलियस याने आपल्या मंडळीचा जो हिशेब लिहून ठेवला तो मला फार बोलका वाटतो. त्यात ४६ वडील, ७ सेवक आणि इतर अधिकारी यांची गणना आहे, आणि त्यांच्याच सोबत, मंडळी पोसत असलेल्या पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजू माणसांची. मंडळी केवढी आहे हे सांगताना त्याने त्यांना बाजूला ठेवले नाही.

अर्थात आरंभीच्या मंडळीतही सारे सुरळीत होते असे नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिली जी तक्रार येते ती नेमकी याच कामाची आहे: ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून सात जणांची निवड करायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची हेळसांड झाली त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती काम सोपवले गेले, असे त्यावरून दिसते. आपल्या मंडळ्यांत कार्यकारिणीच्या निवडणुकीत किंवा गायकवृंदात कुरबुर झाली की आपण बहुधा आधी चारचौघांत बोलतो आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याशी सगळ्यात शेवटी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला क्रम याच्या अगदी उलट आहे: आधी एकट्याने एकट्याकडे, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच मंडळीपुढे.

पैशाच्या बाबतीतही प्रेषित पौलाने घालून दिलेला कित्ता आहे. यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम घेऊन जाताना त्याने मंडळ्यांनीच नेमलेले बंधू सोबत घेतले, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. अर्पण मोजताना दोन माणसे असावीत आणि हिशेब सर्वांना पाहता यावा, एवढे पथ्य प्रत्येक मंडळीला पाळता येते.

बिनसणांच्या महिन्यांतले आणखी एक काम शोकाचे आहे. घरात मृत्यू झाला की पहिले आठ-दहा दिवस माणसांची रीघ लागते, गीते गायली जातात, डबे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, आणि एकटेपणा तेव्हाच अंगावर येतो. दफनाच्या नोंदवहीत तारीख लिहिलेली असतेच. तीच वही अधूनमधून उघडून पाहिली आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पहिल्या वर्षदिनी त्या घरी कोणी गेले, तर ती वही कार्यालयीन दप्तर न राहता सेवेचे साधन होते. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्यांचेही तसेच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी सगळी मंडळी उभी राहून त्या बाळाला विश्वासात वाढवण्याचे वचन देते. रविवारच्या शाळेला शिक्षक मिळेनासा झाला की त्या वचनाची आठवण करून द्यावी लागते.

वार्षिक सभेत सचिव अहवाल वाचतात. सभासद किती, बाप्तिस्मे किती, जमा किती, खर्च किती. हे आकडे हवेतच. त्यांच्याबरोबर आणखी एक कागद असावा, असा माझा आग्रह आहे, आणि तो सभेत वाचायचा नाही, कारण त्यातली माणसे सांगण्याजोग्या स्थितीत नसतात. ज्यांना घरी प्रभुभोजन हवे असते, ज्यांच्याजवळ कोणी नाही, जे रुसून गेले, जे न सांगता यायचे थांबले, ज्यांच्या घरी या वर्षी मृत्यू झाला, अशांची ती यादी असेल. पाळकाची बदली होते तेव्हा किल्ल्या, दप्तर आणि बँकेची कागदपत्रे नव्या पाळकाच्या हाती रीतसर दिली जातात, पण ही यादी जुन्या पाळकाच्या डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. मग नव्याला ती माणसे सापडेपर्यंत वर्ष उलटते, आणि काही तोवर राहिलेली नसतात. सभेच्या दोन वडिलांनी ती यादी पाळकाबरोबर दर तीन महिन्यांनी तपासावी, गोपनीय ठेवावी, आणि बदलीच्या दिवशी नव्या पाळकाबरोबर स्वतः चालत जाऊन त्यांतल्या निदान पहिल्या काही घरांची त्याला ओळख करून द्यावी.

नमस्कार.