आधी गाडी चालू द्या

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे घरातल्या रेल्वेबद्दल. जत्रेत मिळते, किल्ली दिली की गोल फिरते, ती गाडी नव्हे. खऱ्या रेल्वेची मापं घेऊन, त्याच प्रमाणात लहान करून बांधलेली रेल्वे. रूळ, सांधे (म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा), सिग्नल, स्टेशन, पाण्याची टाकी, सगळं एका टेबलावर किंवा एका खोलीत. असे शौकीन नागपुरात आहेत, पण ते फारसं बोलत नाहीत. साठी उलटलेला माणूस आगगाडी खेळतो म्हटलं की शेजारी हसतात. हसू द्या. हेच शेजारी रात्री बारापर्यंत मोबाइलवर परक्यांच्या लग्नाचे व्हिडिओ पाहत बसतात, त्यांना कोणी हसत नाही.

आणि नागपूरच्या माणसाला रेल्वेचं वेड नसेल तर कोणाला असणार? 1867 साली मुंबईकडून जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी इथं पोहोचली. मग राजनांदगावकडे मीटरगेज गेली. ती पुढं बंगाल नागपूर रेल्वेनं ब्रॉडगेज केली. नंतर छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे नॅरोगेज. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एकाच गावानं तिन्ही गेज पाहिले, आता मेट्रोही पाहतं आहे.

पण माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडचा नवा शौकीन पहिल्याच महिन्यात काय बांधायला घेतो? डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन रेल्वेमार्ग एकमेकांना आरपार छेदतात ती जागा. नागपूरचा आहे ना तो! कोणी पाहुणा आला की आपण झिरो माइल दाखवतो आणि लगेच डायमंड क्रॉसिंगच्या गोष्टी सांगतो. ते टेबलावरही पाहिजेच. आता टेबलावरच्या गाडीला वीज रुळातूनच मिळते, एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परत जाते. दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथं हे दोन्ही रूळ एकमेकांना भिडले की झालं शॉर्ट सर्किट. म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालून रूळ तोडावा लागतो. त्या तुकड्यावर वीज नसते, आणि चार चाकांचं लहान इंजिन नेमकं तिथंच जाऊन उभं राहतं. बोटानं ढकला, पुढच्या फेरीला पुन्हा उभं. दोन महिने असं ढकलून माणूस कंटाळतो, आणि टेबलावर पापड वाळत पडतात.

म्हणून सांगतो, आधी गाडी चालू द्या. साधा एक फेरा, एक स्टेशन, एक सांधा. गाडी न अडखळता फिरली पाहिजे. डोंगर, बोगदा, झाडं, क्रॉसिंग सगळं मग. आधी गाडी, मग डोंगर.

आता मापाचं थोडक्यात सांगतो. सगळ्यात चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, एकास 87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. त्याचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याला 87 नं भागलं तर येतात सव्वाएकोणीस. म्हणजे बाजारच्या रुळांवर आपली गाडी पावणेतीन मिलिमीटरनं अरुंद उभी राहते. पाहणाऱ्याला कळत नाही, पण बांधणाऱ्याला झोप लागत नाही. दुसरी अडचण लांबीची. एलएचबीचे, म्हणजे आताच्या नव्या बनावटीचे लांब, 22 डबे एचओमध्ये जोडले तर साधारण सहा मीटरची गाडी होते. आपल्या फ्लॅटमध्ये ती हॉलमधून निघून स्वयंपाकघरात जाईल आणि तिचं शेपूट हॉलमध्येच राहील.

नॅरोगेजचं मात्र जमतं, आणि फार सुंदर जमतं. नॅरोगेज 762 मिलिमीटरचं. भागिले 87, येतात पावणेनऊच्या आसपास. आणि एन नावाच्या लहान प्रमाणाचे रूळ बाजारात मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. म्हणजे रूळ आणि चाकं एनची घ्यायची, डबे आणि घरं एचओच्या मापानं करायची, की आपली छोटी गाडी तयार. गाडी आखूड, वळणं लहान, खोलीत मावते. लक्षात ठेवा: रूळ एनचे, घरं एचओची.

हे मला ज्यांनी पहिल्यांदा समजावलं त्या गार्डकाकांची गोष्ट सांगतो. दरवेळी सांगतो, आजही सांगणारच.

काका नॅरोगेजवर गार्ड होते. आता 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. काका म्हणतात, ‘मॅनेजर बँकेत असते बे, गाडीत गार्ड असते.’ मलाही पटतं. नाव बदललं की पगार वाढतो का? असो. तर 2019 मध्ये नागभीडची नॅरोगेज बंद झाली, ब्रॉडगेज करायला घेतली. काका तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांनी मनाला फार लावून घेतलं. आणि गच्चीवरच्या खोलीत नागभीड लाइन बांधायला घेतली. सगळी लाइन एकशेदहा किलोमीटरच्या घरात, तिला 87 नं भागलं तरी सव्वा किलोमीटर होते. गच्ची कितीही मोठी असली तरी सव्वा किलोमीटरची नसते. म्हणून त्यांनी एकट्या उमरेड स्टेशनावर भागवलं, आणि मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरच्या नावानं कोपऱ्यात लाल मिरच्यांचा ढीग घातला. मिरच्या म्हणजे लाल रंगवलेला लाकडाचा भुसा. जवळून पाहिलं तरी ठसका लागेल असा.

लोक आधी इंजिन करतात. काकांनी आधी केला गार्डचा डबा. ‘इंजिन कोणीबी करते. गार्डचा डबा कोण करते सांग?’ जाड कार्डशीटचा डबा. आत बसायचं बाकडं, कोपऱ्यात गार्डची पेटी, खिळ्याला टांगलेला हातदिवा, आणि दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. झेंड्यांचे दांडे म्हणजे टाचण्या. छप्पर उचलल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही. मी म्हटलं, काका, दिसत नाही तर करता कशाला? म्हणाले, ‘मले माहीत आहे ना आत आहे म्हणून.’ डबा हलका होता, सारखा रुळावरून उतरायचा. मग बाकड्याखाली एक रुपयाची दोन नाणी चिकटवली. वजन आलं, डबा बसला. हलका डबा उतरतो, हेही ध्यानात ठेवा.

रूळ टाकले जानेवारीत. थंडीचे दिवस, हात चांगला चालतो. पाया कशाचा? जुन्या पलंगाच्या फळ्या, जोडून सपाट केलेल्या. रूळ त्या फळ्यांना आडवे जात होते, आणि एकाला एक घट्ट भिडवून, खिळ्यांनी आवळून बसवलेले. कुठं बोटभर फट नाही. गाडी अशी चालायची की काय सांगू. होळीपर्यंत रोज संध्याकाळी उमरेडला गाडी वेळेवर.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! खोलीत कूलर लागला, वाळ्याच्या ताट्या लागल्या. गाडी चालूच होती. (एसी घेणाऱ्यांनी राग मानू नये, पण ओल्या वाळ्याचा वास ज्या घरात नाही त्या घरात मे महिना आलाच नाही असं मी समजतो.) आणि मे महिन्यात कूलरच्या पाण्याचा पंप जळाला. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. त्याचा उद्या तुम्हाला माहीतच आहे. बाहेर पारा 45 च्या वर. खोली कोरडी ठणठणीत. आणि गाडी उमरेडच्या वळणावर उतरली. उचलून ठेवली, पुन्हा उतरली. नेमकी त्याच जागी.

शेवटी मेकॅनिक आला, पंप बसला, कूलर सुरू झाला. एक-दोन दिवसांत गाडी पुन्हा छान चालायला लागली! काकांनी काहीही केलेलं नव्हतं. मग काकू माहेरच्या लग्नाला गेल्या, काकाही गेले, कूलर बंद राहिला. परत येऊन पाहतात तर गाडी पुन्हा त्याच वळणावर जमिनीवर. कूलर लावून ठेवला, पुन्हा दुरुस्त. म्हणजे कूलर चालू असला की गाडी चालते, कूलर बंद असला की गाडी उतरते. आता तुम्हीच सांगा, माणूस काय समजेल?

काका समजले, विजेचा लोचा आहे. कूलर आणि गाडी एकाच बोर्डावर होती. भाच्याला बोलावलं, तो मल्टिमीटर घेऊन आला. व्होल्टेज मोजलं, वायर बदलली, अर्थिंग पाहिलं, ट्रान्सफॉर्मर बदलला. काही फरक नाही. भाचा म्हणाला, मामा, हे माझ्या डिप्लोम्यात नव्हतं. चार मित्र जमले, चार मतं पडली. एक जण तर म्हणाला, कूलरच्या हवेनं गाडीला रेटा मिळत असेल. त्याला चहा न देता पाठवलं.

उलगडा केला काकूंनी. चहाचे कप न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘अवो, या खोलीचं दार पाहा ना. पावसाळ्यात खांद्यानं ढकला तेव्हा लागते, अन् मे महिन्यात ढिलंढालं होते, कडी आपोआप पडते. लाकूडच ना ते. तुमचा पलंग काय सोन्याचा आहे?’

काका उठले आणि रुळावर डोळा लावून पाहिलं. वळणावर रूळ बाहेरच्या अंगाला फुगला होता, नखाएवढा. आता काकांना कोणी काही सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात रूळ वाढतात, वाकतात, म्हणून भर दुपारी गँगमन लाइनीवर गस्त घालतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. फक्त इथं गंमत उलटी होती. एक मीटर रूळ उन्हानं वाढतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. खरा घात लाकडानं केला. कोरड्या हवेत फळी आकसते, आणि आडव्या अंगानं ती कितीतरी जास्त आकसते, एका मीटरमागं काही मिलिमीटर. खाली पाया आखडला, वर रूळ तेवढाच, थोडा वाढलेलाच. जागा नाही, फट नाही, मग तो फुगतो बाजूला. कूलर सुरू झाला की हवेत ओल येते, फळी पुन्हा फुगते आणि रूळ सरळ होतो.

मग उपाय. काकांनी बारीक करवतीनं रूळ ठिकठिकाणी कापले आणि पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढी फट ठेवली. प्रत्येक तुकड्याला वीज पोहोचावी म्हणून खालून वेगळी वायर जोडली. वळणाखालच्या फळ्या काढून तिथं प्लाय टाकला, प्लायचे थर आडवे-उभे असतात म्हणून तो कमी हलतो. आणि लाकडाला वरून, खालून, कडांनाही ऑइल पेंट मारला. एकाच बाजूनं रंग लावाल तर फळी वाकेल, दोन्ही बाजूंनी लावा. ऐकलंत ना? रुळाला फट ठेवा, लाकडाला दोन्ही बाजूंनी रंग लावा. पुस्तकं बहुतेक थंड देशांतून येतात, त्यात कूलरचा अध्याय नसतो.

आता विचार करा, काकांनी आधी डोंगर केला असता तर? प्लास्टर, गवत, झाडं, सगळं त्या वळणावर चिकटवलं असतं तर? पूर्ण उखडावं लागलं असतं. आधी गाडी, मग डोंगर.

माझा बहुतेक वेळ काकांनी खाल्ला, नेहमीच खातात. बाकीचं भराभर सांगतो. ओळखीतली एक शाळकरी मुलगी गड्डीगोदामचा पूल करते आहे. तिथं खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, असे चार मजले आहेत. तिनं शहाणपणा केला, मेट्रोला खाली उतरवलंच नाही. वरच्या मजल्यावर आपली जाते आणि येते. गाडी एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढवायची तर आठ सेंटिमीटर उंचीसाठी तीन टक्के चढानं अडीच मीटरहून जास्त लांबी लागते. एवढी जागा अभ्यासाच्या टेबलावर कुठून आणायची? तिची मेट्रो धावते आहे. तिच्या बाबांचं डायमंड क्रॉसिंग अजून उभंच आहे, हे मी सांगितलं म्हणून त्यांना कळवू नका.

गिट्टीसाठी दगडाची चुरी चहाच्या गाळणीनं गाळून रुळात पसरा. वरून पाण्यात पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबानं सोडा आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. तो थेंब नसेल तर पाणी गिट्टीत मुरत नाही, वरच गोळे होऊन बसतं. सांध्याजवळ मात्र हात आखडता घ्या, फेविकॉल आत गेला तर सांधा जन्मभर एकाच दिशेला.

मापं घ्यायची असतील तर कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे, 2002 पासून. खरी इंजिनं, खरे डबे उभे आहेत. टेप, वही, पेन्सिल घेऊन जा. लोक तिथं जातात, टॉय ट्रेनमध्ये बसतात, फोटो काढतात आणि येतात, चाकाकडं कोणी पाहत नाही. तुम्ही चाकाकडं पाहा. आणि पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, 1998 मध्ये सुरू झालेलं. चालती गाडी कशी चालवतात ते तिथं बघायला मिळतं. पुणेकरांचं एवढं कौतुक मी एरवी करत नाही.

आणि गाडी थबकायला लागली तर इंजिन उघडू नका. आधी रूळ पुसा. सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, केमिस्टकडे मिळतं, हळूहळू दोन्ही रुळांवरून फिरवायचं. मग इंजिनाची चाकंही पुसायची. पॉलिश पेपर बिलकुल नको. त्यानं रुळावर बारीक चरे पडतात आणि त्यात मळ आणखी साचतो.

खर्च किती येतो, हे बऱ्याच जणांनी पत्रातून विचारलं आहे. ते मी इथं सांगणार नाही, घरी रेडिओ चालू आहे. नमस्कार.