अकस्मात मृत्यूची वही

(तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर माझा विषय ‘बालआरोग्य’ असा छापलाय. संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "डॉक्टर, लसीकरणावर बोलणार की कुपोषणावर?" मी म्हटलं, दोन्हींवर नाही. बुडणं, भाजणं, साप-विंचू चावणं आणि मोठ्यांनी लहानांना मारणं, यावर बोलीन. पलीकडे क्षणभर सामसूम. मग ते म्हणाले, "पण हे तर अपघात झाले. त्यात आरोग्य खात्याचं काय?" त्यांच्यावर माझा राग नाही. आमच्या खात्यातही बहुतेकांना असंच वाटतं.

आधी एक साधा हिशेब सांगतो. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांच्या आतली अठरा मुलं दगावतात. मी शिकत होतो तेव्हाच्या मानाने हा आकडा फार खाली आलाय. गोवर, हगवण, न्यूमोनिया आपण मागे रेटले. पण आजाराने जाणारी मुलं कमी झाली, की उरलेल्या मृत्यूंमध्ये इजांचा वाटा आपोआप वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये मुलांच्या इजांवर एक अहवाल काढला होता. नकळत झालेल्या इजांनी जगात रोज दोन हजारांहून जास्त मुलं मरतात, असं त्यात म्हटलंय. या दोन हजारांत मारहाणीचे आणि खुनाचे बळी धरलेले नाहीत.

आता आपल्याकडची रीत बघा. दोन वर्षांचं मूल न्यूमोनियाने गेलं, तर आशाताई घरी जाते, मेडिकल ऑफिसर जातो, फॉर्म भरला जातो. कधी खोकला लागला, कधी दवाखान्यात नेलं, गाडी मिळाली का, सगळं विचारलं जातं आणि जिल्ह्याच्या बैठकीत त्यावर बोलणी खावी लागतात. तेच मूल शेततळ्यात गेलं, तर पोलीस येतात. पूर्वी कलम 174, आता नव्या संहितेत 194. पंचनामा होतो, आम्ही शवविच्छेदन करतो, ‘बुडून श्वास कोंडल्याने मृत्यू’ असं लिहून सही करतो. पोलिसांना घातपात नाही ना, एवढंच बघायचं असतं. नाही म्हटलं की नोंद ‘अकस्मात मृत्यू’च्या वहीत जाते. ती वही ठाण्यात राहते आणि आरोग्य खात्यातलं कुणी ती उघडत नाही. मीही नोकरीची कितीतरी वर्षं उघडली नव्हती.

शेततळ्यावर जरा थांबतो. आपल्या नगर-नाशिक पट्ट्याला हे नवं नाही. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यात तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन मीटर खोल असं तळं खणता येत होतं. डाळिंब जगलं, द्राक्ष जगलं, कांद्याला शेवटचं पाणी मिळालं. शेततळ्याच्या विरोधात मी बोलतोय असं कुणी समजू नका. पण पाणी मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. कडा उतरत्या असतात. महिन्या-दोन महिन्यांत कागदावर शेवाळ धरतं. विहिरीला निदान पायऱ्या असतात, दगडाच्या खाचा असतात. नदीला काठ असतो. इथे पट्टीचा पोहणाराही काठाशी येतो, हात टेकवतो आणि घसरून परत आत जातो. म्हणून एका शेततळ्यात दोन-दोन, तीन-तीन माणसं जातात. आधी पोरगं, मग त्याला काढायला गेलेली आई नाहीतर मोठा भाऊ. ‘पोहता येत नव्हतं’ असं लोक म्हणतात. पोहता येऊनही बाहेर निघता येत नाही, हे कुणी म्हणत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो डॉक्टरांकडे नाही, कृषी सहायकाकडे आहे. चारही कडांना खुंट रोवून जाड दोर पाण्यापर्यंत सोडायचे, दर हातभर अंतरावर गाठ मारायची. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून दोराला बांधून पाण्यावर सोडायची. आणि भोवती कुंपण. कुंपणाला पैसे लागतात, मला ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की तळ्याला अनुदान देताना खोली मोजता, कागदाची जाडी मोजता, फोटो काढता, तर त्याच फोटोत कुंपण आणि दोर दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. बोअरवेलचं असंच झालं. 2006 मध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक पोरगं उघड्या बोअरमध्ये पडलं, सारा देश टीव्हीसमोर बसला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खणण्याआधी कळवणं, काम चालू असताना कुंपण, सोडून दिलेलं बोअर बुजवणं, असे नियम घालून दिले. नियम चांगले आहेत. पण झाकण लावलंय का हे तपासणं हे नेमकं कुणाचं काम, ते गावात विचारून बघा.

बुडालेल्या पोराला बाहेर काढल्यावर काय करतात, तेही सांगून टाकतो, कारण हे इथे बसलेल्यांच्या कामाचं आहे. पाय धरून उलटं करून गरगर फिरवतात, पोट दाबतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी-अन्न उलटून फुप्फुसात जातं. बुडालेल्याला हवी असते हवा. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, तोंडाने पाच श्वास द्या, मग छाती दाबायला घ्या, आणि दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन करा.

आता वेळेकडे येऊ. बांगलादेशात या प्रश्नावर फार चिकाटीने काम झालंय. त्यांनी गावोगाव नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं, की लहान मुलं मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एकच्या आसपास बुडतात. आई स्वयंपाकात, धुण्यात, बाप शेतात, मोठी भावंडं शाळेत, आणि पोरगं घराजवळच्या पुकुरात. पुकुर म्हणजे डबकं, तळं. मग त्यांनी गावातल्याच एका घरात त्या वेळेपुरती पाळणाघरं काढली. त्यांना ‘आंचल’ म्हणतात, आपल्या पदरासारखाच शब्द. पंचवीसेक मुलं, गावातलीच एक बाई आणि तिला एक मदतनीस. तिथे जाणाऱ्या मुलांचं बुडणं प्रचंड कमी झालं. 2022 मध्ये तिथल्या सरकारने अशी आठ हजार केंद्रं काढायला मंजुरी दिली. यात कुठलं यंत्र नाही, कुठलं औषध नाही. ठरावीक चार तास मुलांवर कुणाचं तरी लक्ष, एवढंच.

आपल्याकडे एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. इमारत आहे, सेविका आहे, खाऊ शिजतो. पण तीनच्या आतलं पोर बहुतेक गावांत घरीच असतं. त्याचा खाऊ पाकिटातून घरी जातो. बुडण्याचा, भाजण्याचा, औषध पिण्याचा धोका सगळ्यात जास्त कुणाला? रांगायला लागल्यापासून चौथ्या वर्षापर्यंतच्या पोराला. म्हणजे त्याला पाकीट मिळतं, राखण मिळत नाही.

ऊसतोडीची मुलं याहून पुढची. बीडहून कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं, निघतो तेव्हा पोरं ट्रॉलीवर बसूनच निघतात. पहाटे फडात पाचटावर झोपवलेलं बाळ, आणि अंधारात ट्रॅक्टर मागे घेताहेत. रात्री कोपीत जमिनीवर अंथरूण. तिथे मण्यार हा विषारी साप येतो. मण्यारचा दंश दुखत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पोरगं पहाटे उठून म्हणतं, पोटात दुखतंय. मग पापण्या जड होतात. पोटदुखीचं औषध देऊन परत पाठवलेलं मूल दुपारी श्वास थांबून जातं. पावसाळ्यात नाहीतर फडाच्या हंगामात जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोटदुखी सांगू लागलं, की आधी पापण्या बघायच्या, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं हवं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यात चारातलं एक पंधरा वर्षांच्या आतलं. 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. नोंद होऊ लागली हे चांगलंच झालं. पण कारखान्याच्या तळावर बाज आणि मच्छरदाणी देणं सोपं होतं, ते अजून कुणी सक्तीचं केलेलं नाही.

आपल्याला हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. कोकणातला तांबडा विंचू घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात गेले, तेव्हा विंचू चावून मुलं दगावणं हे तिथे नशीब समजलं जाई. जबर विष चढलेल्या शंभरांतले तीस-चाळीस जात. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून निरीक्षण केलं. घाम, उलट्या, हातपाय गार, मग हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि मृत्यू शंभरात दोन-चारांवर आले. हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या गोळीचं कौतुक सगळे करतात. मला त्याआधीची पायरी महत्त्वाची वाटते. ज्याला गाव नशीब म्हणत होतं, त्याची त्यांनी वही ठेवली.

अमेरिकेतही हे राज्यं आणि शहरं यांच्या पातळीवरच झालं. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची. शहराच्या आरोग्य खात्याने 1972 पासून त्याचा माग घेतला, घरोघर गेले, खिडक्यांना फुकट जाळ्या दिल्या. ब्राँक्स भागात दोन वर्षांत पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. 1976 मध्ये घरमालकांवर जाळ्या बंधनकारक झाल्या. टेनेसी राज्यात एका बालरोगतज्ज्ञाने आमदारांचा पिच्छा पुरवला आणि 1978 मध्ये गाडीत लहान मुलांसाठी वेगळी बैठक सक्तीची करणारं ते पहिलं राज्य ठरलं. सात वर्षांत बाकी सगळी राज्यं मागोमाग आली. दोन्हीकडे ‘मुलांकडे लक्ष द्या’ अशी पत्रकं वाटून ते थांबले नाहीत. खिडकी बदलली, गाडी बदलली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. चार वर्षांच्या आतलं मूल दुचाकीवर असेल तर त्याला हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि वेग चाळीसच्या आत, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. या सभागृहात तसा पट्टा कुणाच्या घरी आहे? हात वर करा. बरं, राहू द्या.

आता अवघड भागाकडे वळतो. मारणं.

डॉक्टर म्हणून काही गोष्टी आम्हाला दिसतात. अजून रांगतही नाही अशा बाळाची मांडी मोडलीय आणि सोबतचे म्हणतात पाळण्यातून पडलं. गरम पाणी सांडलं तर शिंतोडे उडतात, ओघळ येतात. पण दोन्ही पाय सारख्या रेषेत मोजे घातल्यासारखे भाजले असतील, तर ते पाणी सांडलेलं नसतं, पाय बुडवलेले असतात. आम्हाला कळतं. आम्ही केसपेपरवर ‘घरगुती अपघात’ लिहितो. का? कोर्टाच्या चकरा नकोत, गावात राहायचंय, आणि सासूबाई आपल्याच ओळखीच्या. हे मी स्वतः केलंय, म्हणून बोलतोय.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागतात, त्याला डंबा म्हणतात. त्यावर आपण शहरातून ओरडतो. पण ते आई-बाप बाळाला वाचवायलाच बघत असतात. तिथे भूमकाला, म्हणजे गावच्या वैदूलाच, हाताशी धरून बाळ दवाखान्यात पाठवायला लावलं, हा शहाणा मार्ग होता. आपल्याकडे शाळेत छडीचे वळ उठतात, तिथे मात्र बाप मास्तरला सांगतो, "हाडं माझी, कातडी तुमची." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने हे बंद केलंय, हे त्या बापालाही ठाऊक नाही आणि काही मास्तरांनाही नाही.

लैंगिक अत्याचारांबद्दल थोडंच बोलतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बारा हजारांवर मुलांशी बोलून अभ्यास केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या रूपातला लैंगिक छळ सांगितला, आणि करणारा बहुधा ओळखीचा, विश्वासातला. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना घडली, लोक रुळांवर उतरले, आणि सगळीकडून मागणी आली कॅमेऱ्यांची. कॅमेरे लावा. पण कॅमेरा काकाच्या घरात नसतो. चार वर्षांच्या पोरीला चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवून आपण मोकळे होतो, म्हणजे राखणीचं काम तिच्याच अंगावर टाकतो. मूल सांगतं तेव्हा ऐकणारं मोठं माणूस तयार हवं. ते शिकवणारा तास अजून कुठल्या शाळेत मी बघितला नाही. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळल्यावर न कळवणं हाही गुन्हा आहे. आणि 1098, हा मुलांसाठीचा फोन, 1996 मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला.

तर राज्याने पहिलं काम कोणतं करावं, असं विचाराल, तर ती वही. अठरा वर्षांच्या आतला प्रत्येक अकस्मात मृत्यू महिन्यातून एकदा तालुका आरोग्य अधिकारी, ठाणेदार, कृषी अधिकारी, अंगणवाडीची पर्यवेक्षिका आणि बालसंरक्षण कक्षाचा माणूस यांनी एका टेबलाशी बसून वाचावा. बुडालेलं, भाजलेलं आणि मारलेलं मूल एकाच वहीत यावं, कारण संशयाची जागा तिथेच असते. आणि दर मृत्यूमागे एकच प्रश्न विचारावा, की उद्या तिथे काय बदलणार? एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

(पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या एका अंगणवाडी सेविकेने विचारला: "सर, तीनच्या आतली मुलं सांभाळा म्हणता. मी हजेरी घेते, खिचडी शिजवून घेते, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरते, गृहभेटी करते. माझ्या अंगणवाडीपासून दोनशे पावलांवर शेततळं आहे. मी मोबाइलकडे बघू की पोरांकडे?")

ताई, पोरांकडे. आणि माझ्या बोलण्यात एक गोष्ट राहिली, ती तुम्ही दाखवून दिलीत. बांगलादेशात त्या बाईला दुसरं काम नसतं आणि जोडीला माणूस असतो. तुमच्यावर हे काम टाकायचं तर आधी माणूस वाढवायला हवा, मानधन वाढवायला हवं. फुकटात ही राखण होणार नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. शेततळं कुणाचं आहे?

(उजव्या बाजूने एक हात वर झाला. "माझंच आहे साहेब. दोर बांधतो. पण कुंपणाचं अनुदान मिळंल का?")

कृषी सहायक आलेत ना? आलेत. मग भाषण संपल्यावर तुम्ही तिघं इथेच थांबा.